प्रश्न तुमचे : मूळ कवितेत नसलेले शब्द

प्रश्न : १४ एप्रिलला आमच्या वस्तीतल्या वाचनालयात कृष्णवर्णीय कवींच्या निषेधाच्या कविता मराठीतून वाचणार आहोत. क्लॉड मॅके यांच्या ‘इफ वी मस्ट डाय’चा अनुवाद मी केला, पण मोठ्यानं म्हटला की मोर्चातल्या घोषणा वाटतात. लँग्स्टन ह्यूज यांची ‘आय, टू’ही घेतली आहे. दोन्ही खर्डे सोबत. कुठं चुकतंय?
— एक वाचक, वडाळा

उत्तर : मॅकेच्या खर्ड्यात ‘गोरे’ तीनदा आणि ‘काळे’ दोनदा आलंय. मूळ कवितेत दोन्ही एकदाही नाहीत. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहराशहरांत गोरे जमाव कृष्णवर्णीयांवर तुटून पडत होते, तेव्हाची ही कविता. तिच्या वाचकाला शत्रूचं नाव सांगावं लागत नव्हतं. पाचही शब्द खोडा. साल आणि प्रसंग वाचनाआधी दोन वाक्यांत सांगून टाका.

दुसरं, हे सुनीत, म्हणजे इंग्रजी सॉनेट, आहे : चार-चार-चार-दोन, अशा १४ ओळी. तुमच्या २२ झाल्यात. सुनीत केशवसुतांपासून आपल्याकडे रुळलंय, म्हणून शार्दूलविक्रीडित वृत्ताचा मोह होईल. टाळा. १९ अक्षरांची ती डौलदार चाल इथं मिरवणुकीसारखी वाटते, शिवाय अक्षरं भरायला ‘अहा’, ‘तो’, ‘हा’ घुसतात. मुक्तछंद चालेल, ओळी मात्र १४ च. पहिली आणि पाचवी ओळ एकाच शब्दांनी सुरू करा : ‘मरायचंच असेल तर’. पहिल्यांदा त्यापुढं कोंडून मारलेली डुकरं येतात, दुसऱ्यांदा मानाचं मरण. हा सांधा निखळला की उरते नुसती आरोळी. नवव्या ओळीतल्या हाकेला ‘बंधूंनो’ नको, लगेच व्यासपीठ दिसतं. ‘भावांनो’ पुरे. शेवटच्या दोन ओळींआधी थांबा, श्वास घ्या.

ह्यूज यांच्याकडे रंगाचा शब्द मुळातच आहे, तो ठेवा. पाहुणे आले की त्या कवितेतल्या ‘मी’ला स्वयंपाकघरात जेवायला धाडतात, तो हसतो, पोटभर जेवतो आणि उद्या टेबलाशीच बसेन म्हणतो. तुम्ही टेबलाची ‘पंगत’ केलीत. सुचलं झकास, पण काढा. पंगत म्हटलं की अमेरिकेतलं ते घर पुसलं जातं. ज्या मुंबईत १९७२ साली तरुण लेखकांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, तिथल्या श्रोत्यांना टेबल ऐकून पंगत आपोआप आठवेल.

आणि ह्यूज आधी वाचा. मॅकेनंतर घेतलात तर ते हसू टाळ्यांत बुडून जाईल.