बिऱ्हाड जर्मनीला हलवताना

नोकरीनिमित्त जर्मनीत राहायला जाणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातल्या अडचणी अनेक कुटुंबांना येतात, म्हणून त्याचे उत्तर अधिक सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझ्या पतींना स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली असून त्यांचे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवासपरवाना) होणार आहे. मी जीएनएम परिचारिका असून पुण्यातील एका रुग्णालयात काम करते. मुलगा येत्या मे महिन्यात सहा वर्षांचा होईल. आम्ही तिघांनी एकदमच जावे की पतींनी आधी जावे? माझे पासपोर्टवरील नाव सासरचे आणि नर्सिंगच्या कागदांवरील नाव माहेरचे आहे, याने काही अडेल का?
– वाचक, पुणे

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. जर्मन कार्यालयांच्या लेखी तुमचे नाव म्हणजे पासपोर्टवरचे नाव, आणि प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहिला जातो. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते आणि एकाच आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन दाखल्यांवर दोन प्रकारे पडते. हे सारे आपल्याला इतके सवयीचे असते की त्यात कोणाला शंका येईल असे वाटतच नाही, पण तिथल्या अधिकाऱ्यासमोर मात्र दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद असतात. म्हणून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद केली नसल्यास ती आताच करून घ्यावी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत नव्या नावाची दुरुस्ती मागावी आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कसे लिहिले आहे तेही तपासावे. महानगरपालिकेतील दुरुस्ती पुण्यात राहून करणेच सोपे असते, परदेशातून तेच काम नातेवाइकांच्या गळ्यात पडते. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे असतील तर तो तुमचा सर्वांत मोलाचा कागद समजावा. जर्मन भाषांतर करून घ्यायचे झाल्यास ते जर्मनीतील न्यायालयात शपथबद्ध झालेल्या अनुवादकाकडूनच करून घ्यावे.

आता एकत्र जाण्याविषयी. माझे स्पष्ट मत असे की, पतींनी आधी जाऊन राहण्याच्या पक्क्या जागेची व्यवस्था करावी आणि मग तुम्ही दोघांनी जावे. जर्मनीत सगळी कामे पत्त्यापासून सुरू होतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तिला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही, जागा देणाऱ्याच्या सहीचे वेगळे पत्र लागते. सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या सुसज्ज खोल्यांचे अनेक मालक हे पत्र देत नाहीत, तेव्हा आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच ते मिळेल का हे लेखी विचारून घ्यावे. नोंदणी झाल्यावर अकरा अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो, आणि तो नोकरीच्या कंपनीला कळवेपर्यंत पगारातून सर्वांत चढ्या दराच्या वर्गानुसार कर कापला जाऊ शकतो. टपालपेटीवर तुमचे आडनाव लावलेले नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु तेवढ्यामुळे पुढची कामे आठवडेच्या आठवडे लांबतात. विम्याचे कार्ड आणि बँकेचा पिनदेखील त्याच पेटीत येतात. नोंदणीनंतर काही दिवसांनी सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र येईल. हे शुल्क दर घरामागे महिना 18.36 युरो असून घरात टीव्ही नसला तरी भरावे लागते, तेव्हा ती फसवणूक समजून पत्र फेकून देऊ नये.

घर भाड्याने घेताना अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. मूळ भाड्यात हीटिंग व पाण्याचा खर्च धरलेला नसतो. पुष्कळ घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय, कधी तर दिव्यांशिवाय मिळतात. तो खर्च आधीच धरून ठेवावा.

आरोग्यविम्याबाबत पतींनी घाई करू नये. पगार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असल्यास सरकारी व्यवस्थेतील विमा किंवा खासगी विमा असा पर्याय समोर येतो, आणि तरुण वयात खासगी विमा स्वस्त दिसतो. परंतु सरकारी व्यवस्थेत, तुम्हाला स्वतःचे उत्पन्न नसेपर्यंत, तुमचा आणि मुलाचा विमा पतींच्याच वर्गणीत वेगळा पैसा न भरता होतो, तर खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो आणि तिथून परतणे फार अवघड असते. तुमच्यासारख्या कुटुंबाने सरकारी व्यवस्थेतच राहावे असे मला ठामपणे वाटते.

स्टुटगार्ट ज्या राज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 30 जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला त्याच वर्षी शाळेत घालणे सक्तीचे आहे, आणि घरी शिकवण्याची मुभा जर्मनीत नाही. शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्यामुळे तुम्ही दोघे उन्हाळ्यात पोहोचलात तर मुलगा पहिल्या दिवसापासून इतर मुलांबरोबर वर्गात बसेल. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी त्या राज्यात पूर्वतयारीचे वर्ग आहेत. लहान मुले भाषा लवकर उचलतात, तेव्हा त्याची फार काळजी करू नका.

काळजी करायची ती तुमच्या स्वतःच्या कामाची. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मनच्या परीक्षेची अट नाही आणि तिथे गेल्यावर तुम्हाला नोकरीची पूर्ण परवानगी असेल. ही सवलत ऐकून अनेक जणी भाषा शिकणे तिथे जाईपर्यंत लांबणीवर टाकतात, आणि तिथे घर, शाळा, कार्यालये यांच्या धबडग्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी बहुधा बी-टू (म्हणजे मध्यमाच्या वरच्या) पातळीचे जर्मन लागते, आणि अर्ज ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याकडे करावा लागतो. तुमच्या बाबतीत ते काम स्टुटगार्टचे प्रादेशिक प्रशासन पाहते. अर्जासोबत प्रत्येक विषयाचे वर्गातले तास आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास दाखवणारे उतारे जोडावे लागतात. ते तुमच्या नर्सिंग कॉलेजकडून निघण्यापूर्वीच मिळवा. बहुतेकदा अभ्यासक्रमात काही उणिवा असल्याचे पत्र येते. त्याला नकार समजू नये. त्या उणिवा रुग्णालयातील प्रशिक्षण काळाने किंवा ज्ञान-परीक्षेने भरून काढता येतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेत, याच सत्रापासून नाव घाला. जर्मनीला परिचारिकांची तीव्र गरज आहे, आणि तुमचा अनुभव घरात बसून वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. आम्ही दोघे सत्तरीच्या जवळ आलो आहोत. त्याच्याकडे कायमचे राहता येईल का?
– वाचक, नाशिक

उत्तर : भेटीचा शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांचा सामायिक व्हिसा) 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहू देतो. कायमच्या वास्तव्याचे दार पूर्वी जवळजवळ बंदच होते, मात्र ज्या कुशल कर्मचाऱ्यांना 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर प्रथमच तसा निवासपरवाना मिळाला आहे, त्यांना आता आईवडिलांना बोलावता येते. तेव्हा मुलाच्या पहिल्या परवान्याची तारीख काय आहे ते आधी पाहावे. त्याने तुमच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची हमी देणे आवश्यक आहे, आणि खरी अडचण विम्याची आहे. पंचावन्न वर्षांनंतर प्रथमच येणाऱ्यांना सरकारी व्यवस्थेत सहसा प्रवेश मिळत नाही, व सत्तरीतल्या माणसाचा सर्वसमावेशक खासगी विमा फार महाग पडतो. मधुमेह वा हृदयविकार असेल तर तो मिळणेही कठीण होते. विम्याचा लेखी प्रस्ताव हातात येईपर्यंत इथले घर विकण्याचा विचार कृपया करू नये. माझा सल्ला असा की, एक हिवाळा आणि एक उन्हाळा भेटीच्या व्हिसावर राहून पाहावे. दिवसभर मुलगा-सून कामावर असताना, भाषा येत नसताना, नोव्हेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधार पडतो तेव्हा आपल्याला तिथे कसे वाटते, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : माझा इथला वाहन परवाना तिथे चालेल का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालेल. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागेल.

प्रश्न : पुढच्या महिन्यात हॅम्बुर्गला नोकरीवर रुजू होत आहे. इथले बचत खाते, पीपीएफ आणि वडिलोपार्जित शेतजमीन यांचे काय करावे?
– वाचक, सातारा

उत्तर : परदेशी नोकरीसाठी गेल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे आणि तिथली कमाई पाठवण्यासाठी एनआरई खाते उघडावे. एनआरई ठेवींवरचे व्याज भारतात करमुक्त आहे, पण तुम्ही जर्मनीचे रहिवासी झालात की जगभरातले उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते आणि त्यात हे व्याजही येते. या मुद्द्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येईल, नवे उघडता येणार नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते. वारसनोंदीचा फेरफार प्रलंबित असल्यास जाण्यापूर्वी तलाठी कार्यालयात पाठपुरावा करून सातबारा स्वतःच्या नावे झाल्याचे पाहावे. जमिनीच्या कामासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते दुय्यम निबंधकांपुढे नोंदवूनच निघावे, आणि त्यात कोणते अधिकार दिले व कोणते दिले नाहीत हे नीट लिहावे. विक्रीचा अधिकार गरज नसताना देऊ नये. पुढे जर्मनीतून मुखत्यारपत्र पाठवण्याची वेळ आली तर ते भारतीय वाणिज्य दूतावासात सही-शिक्क्यानिशी करावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.