घरी बसून फ्रीलान्स अभ्यासक्रम लेखन करायचं तर शाळेची नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की बी.एड. आहात, आठ वर्षं चौथी-पाचवीला शिकवताय, लहान मूल आहे आणि घरून पाठ्यसामग्री लिहिण्याचं काम मिळेल का. मिळेल. नोकरी मात्र आजच्या आज सोडू नका. मी तशीच सोडली होती आणि पहिले पाच महिने नवऱ्याच्या पगारावर किराणा आला.

आधी एक गैरसमज काढते, कारण मलाही तो होता. बालभारतीची पुस्तकं अशी घरबसल्या लिहायला मिळत नाहीत. तिथे विषय समित्या आणि अभ्यासगट असतात, ती वेगळी वाट आहे. आपल्यासारख्यांना काम येतं ते खाजगी प्रकाशकांकडून, शिकवण्याची ॲप काढणाऱ्या कंपन्यांकडून आणि शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांकडून. वर्कबुक, शिक्षक हस्तपुस्तिका, प्रश्नपेढी, व्हिडिओची संहिता असं ते असतं. पहिलीचा नवा अभ्यासक्रम 2025-26 पासून आला, पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने येतोय. पुस्तक बदललं की त्याच्या आगेमागे फिरणारं सगळं साहित्य पुन्हा लिहावं लागतं, त्यामुळे सध्या कामाला तोटा नाही.

आता कामाबद्दल. आपल्याला वाटतं, टाचण (तासाची लेखी तयारी) तर रोजच काढतो, त्यात काय अवघड? माझं उदाहरण सांगते. ‘पदार्थाच्या अवस्था’ या घटकावर एक कृती लिहायची होती. जागा चार ओळी. मी लिहिलं, ‘बर्फाचा तुकडा ताटलीत ठेवा आणि निरीक्षण करा.’ मसुदा तपासणाऱ्या शिक्षकांचा फोन आला, “ताई, आमच्या पाड्यावर फ्रीज एकच आहे, दुकानदाराकडे.” बरोबरच होतं. मग मला आठवली आमच्या न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली. नाशिकच्या थंडीत ती दगडासारखी होते, आई ती उन्हात ठेवायची. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे फ्रीज नको, गॅस नको. मी खूश. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की कोकणात ते क्वचितच गोठतं, आणि हा पाठ शाळेत येतो ऑगस्टात. शेवटी मेणबत्ती घेतली, ‘शिक्षकांनी पेटवावी’ ही सूचना घातली, ओळी झाल्या पाच. एक ओळ कापायला अर्धी सकाळ गेली. खोबरेल तेल ‘घरी करून पाहा’ मध्येही बसलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पानाचा दर ठरवताना लिहायला किती वेळ लागेल ते धरू नका, पान पक्कं व्हायला किती वेळ लागेल ते धरा. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे मेलवर आधीच लिहून घ्या. माझ्या एका प्रकाशकाने (नाव नको) सात फेऱ्या करून घेतल्या आणि सहाव्या फेरीत इयत्ताच बदलली. आता मी दोन फेऱ्या दरात धरते, तिसरीपासून वेगळे पैसे. थोडं रागावतात, पण देतात.

पहिली-दुसरीचं काम घेतलंत तर छपाईआधीचं प्रूफ स्वतः मागून बघा. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श 2009च्या शासन निर्णयात ठरवून दिलेत, पण संगणकावर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या फॉन्टमध्ये बऱ्याचदा हिंदी वळणाचे असतात. मोठ्यांना फरक पडत नाही. गिरवणाऱ्या मुलाला पडतो, फळ्यावर एक ल आणि वहीत दुसराच. युनिकोडातला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेला की ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र चंही काहीतरी भलतंच होतं, तेही बघा.

पैशांचं म्हणाल तर बिल दिल्यापासून दीड-दोन महिने धरून चला. कंपन्या बहुधा व्यावसायिक शुल्क म्हणून 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, कापतात. तो तुमच्या पॅनवर खरंच जमा झालाय का, ते प्राप्तिकराच्या पोर्टलवर बघत जा. कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो. आणि करारातलं हक्कांचं कलम वाचल्याशिवाय सही नको. नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्ही असता, म्हणून ते लेखी हस्तांतरण मागतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ते पाच वर्षांचं धरलं जातं, पण बहुतेक करारांत ‘कायमस्वरूपी’ छापलेलंच असतं. मी तरीही सही करते, फक्त मग दर वाढवून मागते. पुस्तकावर नाव येईलच असं नाही, हेही आधी विचारून घ्या.

नमुना म्हणून एक-दोन पानं फुकट लिहून द्यायला हरकत नाही. अख्खा घटक मागितला तर नाही म्हणा.

घरच्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. “तू घरीच आहेस ना” हे वाक्य सिलेंडरवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळे म्हणतात. मी सकाळी साडेपाच ते आठ लिहिते, तेवढ्यात जे होतं तेच खरं काम. दुपारी फक्त मेल आणि चित्रकाराला सूचना. मूल लहान असेल तर दिवसाला दोन पानांपेक्षा जास्त कबूल करू नका.

आणि शाळा सोडलीत तरी टाचणवह्या रद्दीत घालू नका. माझ्या वह्यांच्या समासात पोरांनी विचारलेले प्रश्न पेन्सिलीने लिहिलेले आहेत, ‘बाई, धूर कुठल्या अवस्थेत असतो?’ असले. अर्धे स्वाध्याय मला तिथेच सापडतात.