मार्फन (शरीराला बांधून ठेवणारे धागे जन्मापासून कच्चे असण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या भावाची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगून 5.1 सेंमी रुंद झाली आहे, पण त्रास काहीच नाही. छाती उघडून ऑपरेशन करायलाच हवं का? स्टेंटने भागणार नाही का?

करायलाच हवं. त्रास व्हायची वाट बघू नका, आमच्या घरात ती एकदा बघून झाली आहे.

जांबोटीच्या पुढे आमचं गाव. 2007 चा जुलै, रोप लावणीचे दिवस, पाऊस असा की समोरचा बांध दिसत नव्हता. बाबा चिखलात वाकलेले उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पाठीत कुणीतरी कापड टरकावल्यागत झालं." बरोबर दोन खांद्यांच्या मधे. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं. बीपी एकाच हाताचं बघितलं. दुसऱ्या हाताचं बघितलं असतं तर कदाचित फरक दिसला असता, हे मी आजही मनातून काढू शकलेले नाही. जीपने बेळगावला आणताना वाटेतच गेले. वय 41. सगळे अ‍ॅटॅकच म्हणाले. ती महाधमनीच फाटली असणार, हे आम्हाला बारा वर्षांनी भावाच्या डॉक्टरांकडून कळलं.

भाऊ तेव्हा 22 वर्षांचा, 6 फूट 3 इंच, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो म्हणून मी त्याला बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. औषध घालून बघितल्यावर डोळ्यातलं भिंगच जागेवरून सरकलेलं निघालं. त्या बाईंनी टॉर्च बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अंगठा आत घालून मूठ मीट." मिटली, तर अंगठ्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर. भिंग सरकणं आणि असा अंगठा, दोन्ही मार्फनच्या खुणा. "चष्मा नंतर. आधी हृदयाचा इको करून या." इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीचं मूळ 5.2 सेंमी निघालं. मार्फनमध्ये साधारण 5 ला ऑपरेशन सांगतात. घरात कुणाची फाटलेली असेल तर त्याच्याही आधी.

मग आमच्या थोरल्या काकांनी तीन महिने घालवले. "धडधाकट पोराची छाती फाडणार? दुखत नाही ते उकरून काढू नये. गल्लीतल्या माणसाला मनगटातून स्टेंट घातला, तिसऱ्या दिवशी घरी आला." तुमचाही प्रश्न हाच आहे म्हणून सांगते. तो स्टेंट तुंबलेल्या बारीक रक्तवाहिनीतला. इथे काही तुंबलेलं नाही, इथे मुख्य नळीच फुगली आहे. तीही अशा जागी, की खाली झडप आणि बाजूला हृदयाला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्यांची तोंडं. शिवाय स्टेंट आतून भिंतीवर दाब देऊन टिकतो, आणि मार्फनमध्ये ती भिंतच जन्मापासून कच्ची. जिथे दाबेल तिथे फाटायची भीती. काकांना हे मी कागदावर काढून दाखवलं होतं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि नाहीच म्हणाले. शेवटी आईने सही केली.

ऑपरेशन बेंटॉल, 1968 पासून होत आलेलं. फुगलेला भाग आणि झडप काढून तिथे डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी, तिला कृत्रिम झडप आधीच जोडलेली, आणि त्या दोन वाहिन्या नळीला पुन्हा शिवायच्या. सर्जननी नमुना माझ्या हातात दिला होता. पांढरी, चुण्याचुण्यांची, लुगड्याच्या निऱ्यांसारखी. सात तास लागले. घरी आल्यावर रात्री सगळं निजलं की त्याच्या छातीतली टिकटिक शेजारच्या अंथरुणात ऐकू यायची. आई तेवढं ऐकूनच झोपायची.

काही गोष्टी राहिल्या. धातूची झडप म्हणजे जन्मभर वॉरफॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी. पालेभाजीने या गोळीचा असर कमी होतो; म्हणून ती बंद करायची नाही, पण मेथी एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर नाही, असंही नको. मनाने पेनकिलर घ्यायची नाही. तुमच्या भावाची स्वतःची झडप चांगली असेल तर ती वाचवून नुसती नळी बसवता येते, मग वॉरफॅरिन कायमचं लागत नाही. हे सर्जनना आवर्जून विचारा, आम्ही विचारलं नव्हतं. जोखीम आहेच, म्हणून अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्यांकडेच जा. तारीख मिळेपर्यंत वजन उचलणं, व्हॉलीबॉल, सगळं बंद. ऑपरेशननंतरही उरलेल्या महाधमनीवर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. मी डॉक्टर नाही, अंतिम शब्द त्यांचा.

आणि तुम्ही स्वतःचा इको केलात का? मार्फन आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. माझा इको नॉर्मल आला. काकांच्या धाकट्याचा अजून झालेला नाही. तो 6 फूट 2 आहे, आणि गणपतीत मी त्याला मूठ मिटायला लावली तेव्हा नख बाहेर आलं. काका म्हणाले, "त्याला काय झालंय?" काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण तो वाचेल. येत्या मंगळवारी सकाळच्या बसने बेळगावला ये. स्टँडवर मी थांबते, इकोची वेळ घेऊन ठेवली आहे.