गाडीचा रंग बदलला, इन्शुरन्स कंपनीला सांगितलं नाही, आता क्लेम जाईल का?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची कार पांढरी होती, डेंटिंग-पेंटिंगला दिली तेव्हा सगळीच गाडी निळी करून घेतली, आरसीवर मात्र अजून पांढराच रंग आहे. नंतर पॉलिसी ऑनलाइन रिन्यू केली, तिथे ‘वाहनात कोणताही बदल केलेला नाही’ अशी ओळ होती ती न वाचता टिक केली. आता मागून टेम्पोने ठोकलंय, डिकी आणि बंपरचं नुकसान झालंय, आणि सर्व्हेअरने (नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेल्या माणसाने) फोटो काढताना विचारलं की आरसीवर पांढरा रंग कसा काय. तुमचा एजंट म्हणतोय घाबरू नका, रंग रिन्यूअलनंतर दिला असं सांगा, मी गॅरेजवाल्याकडून तशा तारखेचं बिल आणून देतो.

ताई, ते बिल घेऊ नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आधी पक्कं करा.

कारण आज तुमची बाजू चांगली आहे. नुसता रंग बदलला म्हणून अख्खा क्लेम नाकारणं कंपनीला सोपं नाही. पण खोट्या तारखेचं बिल एकदा फाइलमध्ये गेलं की विषय रंगाचा राहतच नाही, तो फसवणुकीचा होतो. सर्व्हेअर गॅरेजला फोन करतो, जुने फोटो मागतो, कुणीतरी तुमचा सोशल मीडियावरचा निळ्या गाडीचा फोटो काढून दाखवतो आणि मग ‘क्लेमसाठी खोटी कागदपत्रं दिली’ असं कंपनी लेखी देते. तिथून परत येणं फार अवघड असतं, शिवाय खोटं बिल बनवणं आणि वापरणं हा फौजदारी मामलाही होऊ शकतो. एजंट तेव्हा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, सही तुमची असेल.

आता मूळ प्रश्न, रंग बदलला तर कळवावं लागतं का. हो, कळवायला हवं, आणि दोन ठिकाणी. पहिलं आरटीओ. आपल्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटमध्ये चासी नंबर, इंजिन नंबर यांच्यासारखीच गाडीच्या रंगाचीही नोंद असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांबद्दल सांगितलंय आणि बदल केल्यावर १४ दिवसांत रजिस्टरिंग ऑथॉरिटीला कळवायची तरतूद त्यात आहे. काही जण म्हणतात की त्या कलमातला ‘बदल’ म्हणजे गाडीच्या ढाच्यातला, मूळ स्वरूप पालटणारा बदल, रंग त्यात येत नाही, आणि कलमाखालचं स्पष्टीकरण वाचलं तर या म्हणण्यात तथ्यही आहे. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने कंपनीने ठरवलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येणार नाही असा निकाल दिला तोही मुख्यतः असल्या ढाच्यातल्या बदलांबद्दलच होता. पण या वादात पडून तुमचा काय फायदा? आरसीवर एक रंग आणि रस्त्यावर दुसरा, अशी गाडी नाकाबंदीत अडकते, चोरीला गेली तर एफआयआरमधलं वर्णन आणि कागद जुळत नाहीत, विकताना घेणारा मागे हटतो. त्यामुळे नोंद करून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

(ऑलिव्ह ग्रीन रंग मात्र कुणीच देऊ नका, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट आहे. तुमचा निळा आहे म्हणून प्रश्न नाही.)

दुसरं ठिकाण इन्शुरन्स कंपनी. विम्याच्या करारात दोन्ही बाजूंनी पूर्ण प्रामाणिकपणा अपेक्षित असतो आणि जी गोष्ट महत्त्वाची, म्हणजे वकिली भाषेत मटेरियल फॅक्ट, ती लपवली तर कंपनी करार नाकारू शकते. पण मटेरियल म्हणजे काय तर जी माहिती कळली असती तर कंपनीने विमा द्यायचा की नाही किंवा प्रीमियम किती लावायचा हा निर्णय बदलला असता ती. आता तुम्हीच बघा, कारचा प्रीमियम कशावर ठरतो, गाडीचं वय, आयडीव्ही (म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत), इंजिनची क्षमता, कुठल्या झोनमध्ये रजिस्टर आहे, नो क्लेम बोनस, कुठले ॲड-ऑन घेतलेत. यात रंग कुठेच नाही. पांढऱ्याची निळी झाल्याने मागून टेम्पो येऊन धडकायची शक्यता वाढली असं कंपनीला सिद्ध करता येणार नाही.

तुमची कमकुवत बाजू आहे ती टिक. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या एका मेडिक्लेमच्या निकालात असं म्हटलंय की फॉर्ममध्ये एखादी गोष्ट थेट विचारली असेल तर तिचं खरं उत्तर द्यायलाच हवं, ती महत्त्वाची आहे असंच धरून चालायचं. कंपनीचा वकील हाच मुद्दा धरेल. त्यावर तुमचं उत्तर असं की ‘बदल’ हा शब्द मोघम आहे, सामान्य माणूस त्याचा अर्थ सीएनजी किट, इंजिन, बॉडी असाच घेतो, रंगाबद्दल वेगळा प्रश्न विचारलेलाच नव्हता आणि यात लपवून काही कमवायचा हेतू नव्हता, प्रीमियमचा एक रुपयाही वाचलेला नाही. हे उत्तर मला पटण्यासारखं वाटतं. शंभर टक्के चालेल अशी खात्री कुणीच देऊ नये, पण लढण्यासारखं नक्की आहे.

शिवाय अटीचा भंग झाला तरी प्रत्येक भंगाने क्लेम शून्य होतो असं नाही. २००८ साली नॅशनल इन्शुरन्सच्या एका केसमध्ये खाजगी गाडी टॅक्सी म्हणून वापरली जात असताना चोरीला गेली होती, तिथेही सुप्रीम कोर्टाने चोरीशी त्या भंगाचा संबंध नाही म्हणत नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे अटीचा भंग धरून थोडी कपात करून, ७५ टक्के रक्कम कायम ठेवली. तुमची चूक तर त्यापुढे फारच लहान आहे. उलट बाजूही सांगतो, टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेली गाडी चोरीला गेली तेव्हा २०२१ मध्ये कोर्टाने क्लेम पूर्ण नाकारला, कारण व्हॅलिड रजिस्ट्रेशन नसणं हा मुळावरचाच भंग मानला. तुमचं रजिस्ट्रेशन चालू आहे, त्यातली एक नोंद जुनी आहे, हा फरक तुमच्या पत्रात ठळकपणे यायला हवा.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट आत्ताच समजून घ्या म्हणजे नंतर भांडण नको. झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नसेल तर पेंटिंगच्या खर्चात मटेरियलच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्र असेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के रक्कम मटेरियल धरतात. ही कपात सगळ्यांनाच असते, तुमच्या रंगाची शिक्षा म्हणून नाही. पण तुम्ही साध्या रंगाऐवजी महागडं काही करून घेतलं असेल किंवा निळं म्हणजे व्हिनाइल रॅप (गाडीवर चिकटवलेली रंगीत फिल्म) असेल तर त्याचा जादा खर्च कंपनी नाकारू शकते, कारण तो त्यांना कधी सांगितलाच नव्हता आणि पॉलिसीत धरलेला नाही. तेवढ्यावर अडून बसू नका.

आता करायचं काय. आज-उद्यात कंपनीला ईमेल करा, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, की रंग अमुक महिन्यात बदलला, हे मूळ बिल, रिन्यूअलच्या वेळी नजरचुकीने कळवायचं राहिलं, अपघाताशी रंगाचा संबंध नाही, आरसीत नोंद करून घेत आहे आणि पॉलिसीला एंडोर्समेंट (बदलाची लेखी नोंद) करून द्यावी. मूळ बिल, खऱ्या तारखेचं, ते शोधाच. सर्व्हेअरलाही हेच सांगा, तोंडी एक आणि लेखी एक असं होऊ देऊ नका. परिवहन पोर्टलवर किंवा आरटीओत जाऊन अर्ज द्या, गाडी दाखवायला न्यावी लागेल, पण दुरुस्तीच्या आधी नेऊ नका, सर्व्हे पूर्ण होऊ द्या. लोन चालू असेल तर आधी फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या. उशिराबद्दल दंड सांगितला तर भरून टाका आणि पावती जपा, ती पावती पुढे तुमच्याच उपयोगाची आहे.

आणि हो, टेम्पोचा नंबर आणि त्याच्या इन्शुरन्सचे डिटेल्स घेतलेत का? चूक त्याची आहे. तुमच्या कंपनीने अगदी नाहीच म्हटलं तरी टेम्पोमालक आणि त्याच्या इन्शुरन्स कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा प्राधिकरणात गाडीच्या नुकसानीचा दावा करता येतो, तिथे तुमच्या गाडीचा रंग कुणी विचारत नाही. फक्त एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येणार नाहीत.

क्लेम नाकारलाच तर कुठल्या अटीखाली नाकारला ते लेखी मागा, फोनवरचं ‘होणार नाही मॅडम’ धरू नका. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, पण अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याची मुदत २ वर्षं.

ईमेल पाठवायच्या आधी मला एकदा मसुदा दाखवायचा असेल तर पाठवा, पण त्यासाठी थांबून उशीर करू नका.