वाचकांचे प्रश्न: डीजे कंट्रोलरचा आवाज लाईव्हमध्ये कसा आणायचा?

प्रश्न: सर, माझ्याकडे पायोनियरचा डीडीजे-400 कंट्रोलर आहे, विंडोज लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे डीजे सॉफ्टवेअर चालवतो. घरून यूट्यूबवर सेट लाईव्ह करायचाय. ओबीएस या लाईव्ह करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा मस्त दिसतो पण डेस्कटॉप ऑडिओचा मीटर ढिम्म हलत नाही. लॅपटॉपचा माईक चालू ठेवला तर मित्र म्हणतात बादलीतून आवाज येतोय. मग कंट्रोलरच्या मास्टर आऊटमधून (मिक्स झालेला आवाज बाहेर पडतो ते सॉकेट) वायर काढून लॅपटॉपच्या जॅकमध्ये घातली, तर सगळा फाटका आवाज. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: तुमचं मशीन एकदम ठीक आहे, आवाज ज्या वाटेने जातोय ती वाट ओबीएसला दिसत नाही एवढंच. डीडीजे-400 मध्ये स्वतःचं साऊंड कार्ड असतं आणि विंडोजवर रेकॉर्डबॉक्स त्याला एएसआयओ ड्रायव्हरमधून (साऊंड कार्डशी थेट बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) थेट आवाज पाठवतो, मधे विंडोजचा मिक्सर येतच नाही. ओबीएसचा डेस्कटॉप ऑडिओ मात्र विंडोजच्या मिक्सरमधून जे जातं तेवढंच ऐकतो, म्हणून मीटर मेल्यासारखा पडून राहतो.

आणि तो जॅक. बहुतेक लॅपटॉपला आता एकच भोक असतं, हेडफोन आणि हेडसेटचा माईक दोन्हीसाठी. त्यातलं इनपुट माईकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, वर मोनो, आणि तुम्ही त्यात लाईन लेव्हलचा, म्हणजे माईकपेक्षा कितीतरी मोठा, दणदणीत स्टिरिओ सिग्नल ढकलताय, फाटणारच ना. ओबीएसमध्ये व्हॉल्यूम कितीही खाली ओढा, फाटलेला आवाज फक्त हळू होतो, फाटलेलाच राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (म्हणजे बाहेरून जोडायचं साऊंड कार्ड) घ्या ज्याला स्टिरिओ लाईन इन आहे. बेहरिंगरचा यूसीए222 या कामाला पुरतो, त्याला आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचे) सॉकेटच आहेत त्यामुळे कंट्रोलरच्या मास्टर आऊटमधून साधी आरसीए ते आरसीए वायर टाकली की झालं. फोकसराईट स्कारलेट 2आय2 सारखा मोठा असेल तर आरसीए ते पाव इंची पिनच्या दोन वायरी लागतील आणि इनपुट लाईनवर ठेवायचं, इन्स्ट्रुमेंटवर नाही. घरात स्पीकरही त्याच मास्टरवर असतील तर वाय केबल लावून दोन फाटे करा.

एका अ‍ॅपचा आवाज आतल्या आत दुसऱ्याला देणारी व्हर्च्युअल केबलची सॉफ्टवेअर असतात, आणि सेराटो या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये तर आवाज दुसऱ्या अ‍ॅपला देण्याचं सेटिंगच आहे, ते टिक केलं की ओबीएसमध्ये सेराटोचा आवाज घेता येतो. पण तुमच्या मशीनवर वायरच बरी, कारण डीडीजे-400 चा माईक कंट्रोलरच्या आतच मास्टरमध्ये मिसळतो, तो रेकॉर्डबॉक्सपर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअरमधून आवाज उचललात तर गाणी येतील आणि तुम्ही माईकवर जे बोलाल ते लाईव्ह बघणाऱ्यांना ऐकूच जाणार नाही. मास्टर आऊटच्या वायरीतून दोन्ही येतं.

आता ओबीएस. सोर्सेसमध्ये ऑडिओ इनपुट कॅप्चर घ्या, यूसीए222 असेल तर तो यूएसबी ऑडिओ कोडेक या नावाने दिसेल. डेस्कटॉप ऑडिओ आणि लॅपटॉपचा माईक दोन्ही डिसेबल करा, म्यूटवर सोडू नका, ऐन सेटमध्ये चुकून क्लिक होतं आणि आवाज दुहेरी यायला लागतो. विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये त्या इनपुटला 2 चॅनेल आणि 48000 हर्ट्झ ठेवा, ओबीएसमध्येही 48 किलोहर्ट्झच. नॉईज सप्रेशनचा फिल्टर लागला असेल तर आधी काढा, तो माणसाच्या आवाजासाठी बनवलाय, हाय हॅट (ड्रमच्या झांजा) आणि रिव्हर्बला (आवाजाची घुमती शेपटी) कचरा समजून खाऊन टाकतो. ऑडिओ बिटरेट (दर सेकंदाला जाणारा आवाजाचा डेटा) ओबीएसमध्ये मुळात 160 केबीपीएस असतो तो 320 करा, व्हिडिओ काही हजार केबीपीएस खात असताना एवढ्याने नेटला काही फरक पडत नाही.

लेव्हलसाठी तुमच्याकडचं सगळ्यात जोरात वाजणारं गाणं लावा, ड्रॉपवर, म्हणजे बीट जोरात कोसळते तिथे, ओबीएसचा मीटर उणे 10 ते उणे 6 डेसिबलच्या आसपास जाऊ दे. वर लिमिटर फिल्टर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा) ठेवा पण तो पोलिसासारखा सतत कामाला लागता कामा नये. कंट्रोलरवर लाल दिवा लागत असेल तर आधी तिथे ट्रिम (चॅनेलच्या लेव्हलचा नॉब) कमी करा, मागे फाटलेलं पुढे दुरुस्त होत नाही.

प्रश्न: इंटरफेस आहे, आवाज येतो, पण लाईव्हमध्ये सतत हम्म्म असा घुमतो. गाणं थांबलं की जास्तच जाणवतं. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून बघा. घूं बंद झाली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या मशीनच्या अर्थिंगमधून वायरीत घुसणारा विजेचा गुंजारव. लॅपटॉप, स्पीकर, मिक्सर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी राहिली तर आरसीए वायरीच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. काही लोक चार्जरच्या थ्री पिनची अर्थिंगची पिन काढून टाकतात, कृपा करून तसं अजिबात करू नका, अर्थिंग जिवासाठी आहे, आवाजासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

प्रश्न: हात आधी फिरतो की बीट आधी वाजते तेच कळत नाही, व्हिडिओ मागे पडतो. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: कॅमेऱ्याचं चित्र ओबीएसपर्यंत पोचायला उशीर लागतो आणि वायरीचा आवाज आधी येऊन बसलेला असतो. कंट्रोलरचा माईक चालू करून कॅमेऱ्यासमोर त्याच्याजवळ एक टाळी वाजवा, ओबीएसमध्ये रेकॉर्ड करा आणि ती क्लिप एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. 30 एफपीएसला (सेकंदाला 30 फ्रेम) एक फ्रेम म्हणजे साधारण 33 मिलिसेकंद. टाळीच्या आवाजानंतर 4 फ्रेमने हात भिडताना दिसले तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या इनपुटचा सिंक ऑफसेट (आवाज किती उशिरा सोडायचा ते) 130 मिलिसेकंदच्या आसपास टाका. कॅमेरा किंवा कॅप्चर कार्ड बदललं की पुन्हा मोजा.