तिकीट वर ढकलण्याआधी

भावा,

परवा रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला, मी सकाळी चहा घेताना वाचला आणि तेव्हापासनं तो डोक्यातनं जाईना. हेल्पडेस्कला दोन वर्षं झाली, पासवर्ड रीसेट आणि प्रिंटर, प्रिंटर आणि पासवर्ड रीसेट, नेटवर्क टीममधल्या जागेला दुसऱ्यांदा नाही म्हणाले, एक्स्पीरियन्स पाहिजे म्हणतात, पण स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जिथं जोडतात त्या पेटीला, हातच लावू देत नाहीत तर एक्स्पीरियन्स आणायचा कुठनं. तुझं बरोबर आहे. हे असंच चालतं आणि ते चुकीचं आहे, आधी एवढं तरी कुणीतरी तुला स्पष्ट सांगायला हवं होतं. त्यामुळं तू कमी पडतोयस असं रात्री पडून राहून स्वतःला सांगत बसू नको.

पण मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, ज्युनियर नेटवर्कच्या पोरांचे इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळं तिकडनं काय दिसतं ते पण सांगतो. मी विचारतो, एका पीसीला नेट येत नाहीये, कुठनं सुरुवात करशील? दहातली सात पोरं म्हणतात, सर आधी रीस्टार्ट करायला सांगीन, मग केबल चेक करीन, मग नेटवर्क टीमला एस्कलेट करीन, म्हणजे तक्रार वर ढकलीन. चूक काही नाही त्यात, हेल्पडेस्कला हेच शिकवलेलं असतं. पण मला जे ऐकायचंय ते त्या शेवटच्या दोन स्टेपच्या मध्ये असतं आणि तिथं सगळे गप्प होतात.

आता तुझंच घे. युजर म्हणतो नेट नाही. तू मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी ipconfig कमांड मारतोस, म्हणजे मारत असशीलच. पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय? मग त्या मशीनला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडनं उत्तरच आलेलं नाही, विंडोजनं स्वतःच आपला पत्ता लावून घेतलाय. मग केबल, भिंतीतला पॉइंट, स्विचचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या चुकीच्या कप्प्यात, आहे का, नाहीतर डीएचसीपीच बंद आहे का, आणि शेजारच्या टेबलावरच्याला पत्ता मिळतोय का हे उठून बघायला तुला अर्धा मिनिट लागतो. पत्ता बरोबर असेल तर गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, पिंग कर, उत्तर येतं का बघ. तो लागला तर ८.८.८.८, म्हणजे गूगलचा बाहेरचा पत्ता. तोही लागला आणि तरी साईट उघडत नसेल तर nslookup मारून बघ, बहुतेक डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरनं पत्ता शोधण्याचा, घोळ असतो. आणि तुमच्या ऑफिसचे पत्ते सगळे १० नं सुरू होत असताना एखाद्याला अचानक १९२.१६८ चा पत्ता मिळाला असेल तर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीत खुपसलाय, तो शोध, नाहीतर दुपारपर्यंत आख्खा मजला ओरडत येतो. हे सगळं चार मिनिटांचं काम आहे आणि यातल्या कशालाही स्विचचा पासवर्ड लागत नाही.

मग तिकीट, म्हणजे ती तक्रारीची नोंद, वर पाठवताना "युजरला नेट नाही, कृपया बघावे" असं लिहू नको. लिही की अमुक मजला, भिंतीवरचा पॉइंट नंबर अमुक, मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर म्हणजे मॅक ॲड्रेस हा, पत्ता १६९.२५४ चा, सकाळी सव्वादहापासनं, शेजारच्या दोघांना ठीक, दुसऱ्या पॉइंटला लावलं तर चालतंय. नेटवर्कवाल्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं. पहिल्या दहा वेळा तो काही बोलणार नाही. अकराव्या वेळी तो तुझं नाव बघून तिकीट आधी उघडणार. हे मी स्वतः केलंय, दोन्ही बाजूंनी.

माझी गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी सपोर्टला होतो, आमची कंपनी तिथं एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, बघायची. डिस्पॅचच्या खोलीत एक कॉम्प्युटर, रोज तक्रार एकच, सिस्टीम हँग होते, चलन निघत नाही, बाहेर ट्रक उभे. माझ्या आधीच्यानं फॉरमॅट मारलं होतं, मी रॅम बदलली, मग परत फॉरमॅट. चौथ्यांदा गेलो तेव्हा ठरवलं की आज इथनं उठायचंच नाही. स्टूल घेऊन बसलो, सर्व्हरला सतत पिंग करत राहणारं ping -t लावून ठेवलं आणि वहीत वेळा लिहीत गेलो. सगळं छान चालू, आणि मग अकरा चाळीसला एकदम टाइमआउटची रांग. बारा दहाला परत ठीक. दीडला परत तेच. शेजारच्या शेडमधल्या सुपरवायझरला वेळा दाखवल्या तर तो म्हणाला, अहो या तर आमच्या फर्नेसच्या वेळा आहेत की.

मग केबलच्या मागं लागलो. ती इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधनं आणलेली. आणि दुसरी गोष्ट, नेटवर्क केबलच्या वरच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, बहुतेकांचं लक्षच जात नाही त्याकडं. रॅककडच्या टोकाला मी आकडा वाचला, डिस्पॅचच्या टोकाला वाचला, वजाबाकी केली, १३७ मीटर. तांब्याच्या केबलला मर्यादा १०० मीटरची. म्हणजे आधीच दमलेला सिग्नल आणि त्यात फर्नेसचा गोंगाट. तिथल्या नेटवर्कच्या माणसाला मी विनंती केली की त्या पोर्टवरचे सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पॅकेटचे आकडे, तेवढे बघून सांगा, त्यानं फर्नेस चालू असताना दोनदा बघितले, आकडा डोळ्यादेखत वाढत होता. मी एक पानभर लिहून दिलं, वेळा, लांबी, एरर, हातानं काढलेला केबलचा रस्ता. महिनाभरात तिथं फायबर पडली, फायबरमधनं उजेड जातो, तिला फर्नेसचं काही सोयरसुतक नसतं. तक्रार बंद झाली.

मला लगेच बढती वगैरे मिळाली नाही, ते खोटं सांगणार नाही. पण त्या नेटवर्कवाल्यानं ते पान ठेवलं होतं. सात-आठ महिन्यांनी तो दुसरीकडं गेला आणि तिथं माणूस लागल्यावर त्यानं मला फोन केला. त्या पानाची झेरॉक्स मी इंटरव्ह्यूला घेऊन गेलो होतो आणि पाऊण तास त्यावरच बोलणं झालं.

म्हणून माझं तुला एकच मागणं आहे, प्रत्येक तिकीट तुझ्या कामाच्या हद्दीच्या एक पाऊल पुढंपर्यंत समजून घे आणि लिहून ठेव. स्वतःच्या वहीत, कंपनीचे खरे पत्ते आणि नावं गाळून. काय दिसलं, मला काय वाटलं, खरं काय निघालं. तिसरा रकाना महत्त्वाचा, त्यासाठी तिकीट बंद झाल्यावर नेटवर्क टीमला जाऊन विचारावं लागतं की शेवटी काय होतं. विचार. कोण रागावत नाही, कामाच्या गर्दीत सोडून जेवणाच्या सुट्टीत विचारलंस तर आनंदानं सांगतात. आणि परवानगीशिवाय कुठल्याही स्विचच्या केबलला हात लावू नको, कितीही खात्री असली तरी. त्याऐवजी टीम लीडला सांगून ठेव की शनिवारी रॅकचं काम, लेबल लावायचं, पॅचिंगचं काही असेल तर मला बोलवा. लेबलचं काम कुणालाच नको असतं आणि ते करताना आख्खं नेटवर्क तुझ्या हाताखालनं जातं.

सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, करायची का विचारलंस. कर. २००-३०१ नंबरची परीक्षा आहे, १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे तुझ्या पगारात ते जाणवणार हे मला कळतं. म्हणून आधी पैसे भरू नको, आणि क्लासच्या जाहिरातीला भुलून कर्ज तर अजिबात काढू नको. कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभं करून सराव करायचा पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, रोज एक तास त्यात बस. नुसतं जोडून हिरवे दिवे बघू नको, मुद्दाम मोड. दोन स्विच दोन केबलनं जोड, गोल फिरणारा ट्रॅफिक अडवणारी स्पॅनिंग ट्री बंद कर आणि एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना जाणारा संदेश, सोडून काय होतं बघ. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायचं गणित, कागदावर कर, /२६ च्या तुकड्यात ६२ मशीन का बसतात हे बोटावर सांगता आलं पाहिजे. डंप, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालेली पोरं माझ्यासमोर येतात, ट्रंक पोर्ट म्हणजे काय विचारलं की घाम फुटतो त्यांना, आणि खरंच सांगतो, मला वाईट वाटतं, कारण बापाचे पैसे गेलेले असतात.

आणि जागेचं म्हणशील तर फक्त तुमच्याच कंपनीच्या त्या एका पोस्टवर जीव टांगून ठेवू नको. दोनदा नाही म्हणालेत, तिसऱ्यांदाही म्हणतील. कोल्हापुरात मोठी नेटवर्क टीम असलेली ठिकाणं कमीच, पण गोकुळ शिरगाव, कागल, शिरोलीचे कारखाने आहेत, दवाखाने आहेत, बँका आहेत, त्यांना नेटवर्कचं काम करून देणारे लोक आहेत. गावातल्या ब्रॉडबँडवाल्यांकडं फायबर जोडायचं काम मिळालं तर ते खालचं समजू नको, तिथं सहा महिन्यांत जेवढी बिघाडं बघशील तेवढी एसीत बसून तीन वर्षांत दिसत नाहीत. पुण्यात नॉकच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातल्या, जागा निघतात, रात्रपाळी असते, स्क्रीनकडं बघत बसायचं असतं, पण तिथं पहिल्यांदा राउटरवर लॉगिन मिळतं. घरी आई एकटी आहे म्हणून तुला जाववत नाही हे मला माहितीय, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, ते तू आणि काकी ठरवा. फक्त काकींना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं तूच नाही म्हणून टाकू नको.

रविवारी घरी ये. माझ्याकडं २४ पोर्टचा एक जुना मॅनेज्ड स्विच पडलाय, त्यावर लॉगिन करायची कन्सोल केबल पण आहे, तो तू घेऊन जा, चार-सहा महिने तुझ्याकडंच राहू दे. पंख्याचा आवाज मोठा आहे, झोपायच्या खोलीत लावू नको. येताना लॅपटॉप आण, आणि गेल्या महिन्यात वर पाठवलेली दहा तिकिटं आठवून वहीत लिहून आण, प्रत्येकात पाठवण्याआधी काय काय तपासलं होतंस ते. नसेल तपासलं तर रिकामं सोड, तिथनंच सुरुवात करू. दहाच्या आत ये, अकराला मला बाबांना दवाखान्यात न्यायचंय.

तुझा,
दादा