गच्चीवर पॉलिकार्बोनेट शीट टाकताय? आधी एवढं बघा

शीट कापायच्या आधी तिच्यावर चिकटवलेल्या पातळ संरक्षक फिल्मवरची छपाई वाचा. यूव्ही थराची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून शीट वाचवणाऱ्या थराची, बाजू आकाशाकडेच हवी. उलटी बसली तर काही वर्षांत पिवळी पडून तडकते. शीटच्या आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, म्हणजे आत धरलेलं पाणी खाली निघून जातं. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने बंद करा, खालचं बारीक छिद्रांच्या टेपने. माझ्या पहिल्या कामात मी दोन्हीकडे साधी चिकटपट्टी लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात नळ्यांत शेवाळ धरलं, ते आजवर निघालेलं नाही. आणि स्क्रू करकचून आवळू नका हो! ३ मीटरची शीट तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ८ मिलिमीटर वाढते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठंच पाडा. फिल्म त्याच दिवशी काढा, उन्हात ती चिकटून बसते.